पांढऱ्या छताचा फ्लॅश

निधीने लग्नाचे फोटो मला काढायला सांगितले तेव्हा मी आधी साफ नाही म्हटलं होतं. मी दिल्लीत आर. के. पुरमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. कॅमेरा आहे माझ्याकडे, चांगला लेन्सबिन्सवाला, पण त्याला फ्लॅश नाही. उन्हातले फोटो झकास येतात. संध्याकाळ झाली की गणपतीही ओळखू येत नाही.

"मावशी, स्टुडिओवाला नकोय मला," निधी म्हणाली. "तो 'मॅडम, एक बार फिर से' करत सगळं दोनदा करायला लावतो. तू काढ ना, यार. बाकीचे कसेही येऊ देत. पण तो पडदा काढतात ना, त्या सेकंदाचा फोटो मला हवाच."

"अगं, पडदा काय? अंतरपाट म्हणतात त्याला!"

"तोच. तो निघाला की आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे बघणार."

"पहिल्यांदा? दोन वर्षं शार्दूलच्या स्कूटरवर दिल्ली पालथी घातलीस, ती काय डोळे मिटून?"

"तसं नाही गं. नवरा-बायको म्हणून पहिल्यांदा."

मी विरघळले. माझी एकुलती एक भाची. तिला आयुष्यात एकदाच मिळणारा तो क्षण, आणि तो पकडणं माझ्या हातात. पुढचे दोन महिने मला दुसरं काही सुचलं नाही.

मुहूर्त गोरज होता, म्हणजे ऐन तिन्हीसांजेला. फ्लॅश घेणं आलंच. रविवारी मी आणि आमचे हे, विष्णू, चांदणी चौकात गेलो. हे मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. चार दुकानं फिरून तुलना केल्याशिवाय यांना कोथिंबीरही घेववत नाही. चौथ्या दुकानातल्या सरदारजींनी यांच्यासमोर एक भलंमोठं धूड ठेवलं. मूठ वेगळी, डोकं वेगळं, वर तव्याएवढी चकती.

"भाईसाहब, ये लीजिए. पूरा पंडाल जगमगा देगा."

"कॅमेरा मेरे गले में है, भाईसाहब," मी म्हटलं. "मुझसे बात कीजिए."

सरदारजी ओशाळले, पण माणूस भला. त्यांनी दुसरा काढला. छोटासा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा आणि मान वर करू शकणारा. उजेड तोंडावर न मारता छतावर मारायचा, म्हणजे तो तिथून पसरून खाली येतो, असं त्यांनी समजावलं. मला एकदम पटलं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या फोटोंत सगळ्या बायका पिठाच्या डब्यातून काढल्यासारख्या का दिसतात, ते त्या दिवशी कळलं.

"अगं, पण पॉवर बघ ना," हे मोठ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पैसे टाकायचे तर भरभक्कम घ्यावं."

"तुम्हाला फोटो काढायचाय की चोर पकडायचाय?"

तरी मी लगेच घेतला नाही हं. आधी दुकानातूनच भावोजींना फोन लावला. निधीचे वडील, अण्णासाहेब. रिटायर झाल्यावर त्यांनी गाझियाबादच्या नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला होता आणि लग्न तिथल्याच हॉलमध्ये होतं. मी विचारलं, "भावोजी, हॉलचं छत कसं आहे?"

"पांढरं शुभ्र! ब्रोशरमध्ये फोटो आहे की."

झालं. छोटा घेतला. घरी येऊन अख्खा रोल यांच्यावर उडवला. सरकारी क्वार्टरचं छत, दर दोन-तीन वर्षांनी चुना खाल्लेलं, त्याहून पांढरं काय असणार? फोटो धुऊन आले तर हे इतके देखणे दिसत होते की यांनी त्यातला एक चुपचाप ऑफिसच्या टेबलावर काचेखाली सरकवला. मी बिल्कुल निश्चिंत झाले.

लग्नाच्या दिवशी दुपारी गाझियाबादला पोचलो आणि मी रिक्षातून उतरता उतरता थबकले. हॉल कुठाय? समोर चार खांब उभे, वर आकाश, आणि शेजारच्या पार्कात तंबूवाल्याचा शामियाना.

"बिल्डर म्हणतो, दिवाळीपर्यंत नक्की," भावोजी घाम पुसत म्हणाले. "पण बघ, शामियाना कसा फर्स्टक्लास लावून घेतलाय!"

मी वर पाहिलं. छत गडद लाल. त्यावर फ्लॅश मारला तर निम्मा उजेड कापडच पिणार, उरलेल्यात नवरा-नवरी बीट खाऊन आल्यासारखे दिसणार. सरळ मारला तर तेच पीठ, शिवाय पुढे उडणाऱ्या अक्षता पांढऱ्या ठिपक्यांसारख्या तोंडांवर येणार. मला रडूच कोसळायला आलं. हे जवळ आले. "मोठा घेतला असता तर" असं म्हणणार होते, मला ठाऊक आहे, पण माझ्याकडे बघून त्यांनी फक्त पाणी आणून दिलं.

पांढरं काहीतरी हवं होतं, डोक्यावर धरायला. तंबूवाल्याच्या चादरी गाद्यांवर अंथरून झाल्या होत्या आणि त्यांना पांढरं म्हणायला मोठं मन लागलं असतं. निधीच्या आईकडे, सुमित्राताईकडे, चादर मागावी म्हणून मी नवरीच्या खोलीत गेले, तर ती कोऱ्या, पांढऱ्या अंतरपाटावर कुंकवाने स्वस्तिक काढत बसली होती. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, अरे देवा, हेच की छत!

धावत दामूगुरुजींकडे गेले. गुरुजी एरवी टेलिफोन खात्यात, मुहूर्ताला आमचे. मी म्हटलं, "गुरुजी, शेवटच्या सावधानला अंतरपाट खाली नका घेऊ. तुम्ही आणि चैतन्यने तो वर उचलून दोघांच्या डोक्यावर आडवा धरायचा. एक सेकंद. मी फोटो काढते."

गुरुजींनी विचार केला. "दोघांच्या मधून निघाला म्हणजे झालं. वरून काय नि खालून काय." निधीचा भाऊ चैतन्य तर एका पायावर तयार. त्याने मला दोनदा करूनही दाखवलं.

तिन्हीसांज झाली. मंगलाष्टकं सुरू झाली. शेजारची पंजाबी मंडळी "बारात कब आएगी?" विचारत होती आणि इकडे लग्न लागत आलं होतं. छोट्या फ्लॅशला एकदा उडाला की दम खायला वेळ लागतो, म्हणून मी एकही फोटो न काढता टपून होते. आमच्यात प्रत्येक कडव्याला सावधान येतं, प्रत्येक सावधानला अक्षता पडतात, आणि गुरुजी संपवताहेत असं वाटलं की कुणीतरी काकू पुढे येऊन स्वतः रचलेलं एक म्हणतेच. तीन काकू झाल्या. माझे हात भरून आले. चौथ्या काकूंकडे मी असं पाहिलं की त्या परत बसल्या.

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट भर्रकन वर गेला, मी बटण दाबलं, आणि काय सांगू, दुधासारखा उजेड पडला! सनई, टाळ्या, गोंधळ. मी तिथेच मटकन बसले.

फोटो आठवड्याने आले. दुकानातच पाकीट उघडलं. उजेड सुरेख. हवेत थांबलेल्या अक्षता, निधीची नथ, शार्दूलच्या मुंडावळ्या, सगळं स्वच्छ. आणि दोघंही एकमेकांकडे बघतच नव्हते. तोंड उघडं टाकून वर, कापडाकडे बघत होते! मी गुरुजींना सांगितलं, चैतन्यला सांगितलं, आणि नवरा-नवरीला सांगायचंच विसरले. बिचाऱ्यांना वाटलं असणार, हा अंतरपाट चाललाय कुठे.

मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. हे म्हणाले, "अगं, छान आलाय." मी म्हटलं, "गप्प बसा."

निधीला फोटो द्यायला गेले. पाकीट हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मागून पाकीट उघडल्याचा आवाज आला. मग निधी जी हसत सुटली ती थांबेचना. शार्दूल स्वयंपाकघरातून धावत आला, त्याने पाहिला, तोही सोफ्यावर कोसळला.

"निधी, चुकलंच गं माझं," मी म्हटलं. "तुला एकमेकांकडे बघतानाचा हवा होता."

तिने डोळे पुसले, माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "मावशी, ह्याच्याकडे काय, आता जन्मभर बघायचंच आहे. हाच मोठा करून दे."