मी, चिलखताचा डावा पट्टा

मित्रांनो, लोक ज्या चिलखताला पाहून टाळ्या वाजवतात, ते चिलखत मी नव्हे. मी त्याला धरून ठेवणारा एक जुना चामडी पट्टा आहे. चिलखत लांबून पोलादी दिसतं, पण आतली गोष्ट सांगतो, ते फोमचं आहे. वरून रुपेरी रंग फासलाय, त्याचाच सगळा तोरा. मी निघालो तर ते अंगावरून घसरून खाली पडेल, आणि पडल्याचा आवाजसुद्धा होणार नाही. मला बढाई मारायची सवय आहे, हे मान्य. पण माझी हकिकत ऐका आणि मग ठरवा.

माझा जन्म काही चिलखतासाठी झाला नव्हता. आधी मी एका होल्डॉलचा पट्टा होतो. दोन बहिणींचे वडील त्यात अंथरूण गुंडाळून बदलीच्या गावी जात, आणि गाडी सुटायच्या आधी मला दोनदा ओढून बघत. पुढे वडील गेले, होल्डॉलला कसर लागली, तो टाकून दिला. थोरल्या बहिणीने मला मात्र कापून ठेवून घेतलं. तिला सगळे ताई म्हणत. ती एका नाटकमंडळीचे कपडे शिवायची. नाट्यगृहाच्या मागे तिची लांबट खोली होती. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीवर ओळीने टांगलेल्या कात्र्या, आणि मधोमध कापडाचा पुतळा. प्रत्येक पोशाख ती आधी त्याच्यावर चढवून बघत असे.

धाकटी बहीण त्याच मंडळीत नटी होती. आदल्या वर्षी रंगमंचावरच्या शिडीवरून पडून तिचा डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण तो हात ना वर जाई, ना पाठीमागे वळे. वर्षभर तिला कुणी भूमिका दिली नाही. मग एका नव्या नाटकात सेनापतीण हवी होती, तेव्हा दिग्दर्शकाने तिला बोलावलं, पण अट स्पष्ट सांगितली. ही सेनापतीण लढाईआधी एकटी उरते आणि प्रेक्षकांसमोर स्वतः चिलखत चढवते. मदतीला कुणी येणार नाही. शनिवारच्या तालमीत जमलं तर भूमिका तिची, नाहीतर दुसरी नटी तयारच होती.

फोमचा छातीचा आणि पाठीचा भाग कारागिराकडून आला. पट्टे आणि कापड जोडणं हे ताईचं काम. आत घालायला तिने कापूस भरून टाचलेली अंगी शिवली, खाली जाड कापडाचा गुडघ्यापर्यंत घेर केला. मग टोच्याने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने मला कमरेपाशी पाठीवर शिवलं. बक्कलही मागेच ठेवलं. पुढून एकही टाका दिसत नव्हता. पुतळ्यावर चिलखत असं काही बसलं, की ताई स्वतःवरच खूश झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

बुधवारी धाकटीने ते अंगावर चढवलं. उजवा हात मागे नेऊन बक्कल चाचपलं. पण मला त्यात ओवायला दुसरा हात लागतो, आणि तो मागे येईना. तिने तीनदा प्रयत्न केला. मग चिलखत उतरवून टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुझ्या पुतळ्याला हातच नाहीत गं."

ताईचा चेहरा उतरला. पुतळा वाकत नाही, श्वास घेत नाही, कुरकुर करत नाही, म्हणून त्याच्यावर सगळंच छान बसतं. इतकी वर्षं ती हे नवशिक्यांना बजावत आली होती. आणि जो खांदा ती स्वतः रोज शेकत होती, नेमका तोच विसरली होती. ती बराच वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत बसली. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी तिने एक विचित्र गोष्ट केली. पुतळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, धाकटीकडून स्वतःचा डावा हात कापडाच्या पट्टीने कमरेशी बांधून घेतला आणि एका हाताने चिलखत घालायला लागली. अडकली, चिडली, घामाघूम झाली. स्टुलावर बसलेली धाकटी हसून हसून बेजार. पण जिथे जिथे उजवा हात सहज पोचला, तिथे तिथे ताईने खडूची खूण केली.

मग सगळं उसवलं. अंगी आणि घेर चिलखताला आतून जोडून टाकले, म्हणजे एकच वस्त्र झालं. उजवी बाजू कायमची शिवली. उजवा हात आत घालायचा आणि डावी बाजू दारासारखी ओढून घ्यायची. डाव्या खांद्यावर फक्त एक टिचबटण, बाकी सगळी भिस्त माझ्यावर. मला पाठीच्या डाव्या कडेला शिवलं, काखेखालून पुढे आणलं, आणि बक्कल थेट छातीच्या मधोमध आलं. माझं टोक निमुळतं कापून त्यात मेण मुरवलं, म्हणजे मी न वाकता आत शिरेन. पहिल्या शिवणीची भोकं माझ्या अंगावर तशीच राहिली. बक्कल समोर दिसतं, एवढी एक सल ताईला होती.

शनिवारी धाकटी एकटी मंचावर उभी राहिली. उजवा हात घातला, डावी बाजू ओढली, टिचबटण लागलं. मग मला धरलं. पहिल्यांदा मी हुकलो. दुसऱ्यांदा ताठ राहिलो आणि सरळ आत गेलो. खट् आवाज झाला. मग तिने मला दोनदा ओढून बघितलं, वडील बघायचे तसंच. विंगेत ताई पाठ फिरवून उभी होती, तिला बघवत नव्हतं. मागाहून तिने बक्कल कापडाने झाकायचं म्हटलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "झाकू नका. ते लागताना लोकांना दिसू दे."

एकशे बारा प्रयोग झाले. दर प्रयोगाला माझ्या त्या एका खट्‌साठी सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसे. सांगा आता, माझी मान ताठ का नसावी?

पुढे नाटक बंद पडलं. मला घडी घालून पेटीत कोंबलं, वर भाले आणि ढाली रचल्या. तेलाचा हात कुणी फिरवला नाही. मी कोरडा पडलो, मला तडे गेले, बक्कल गंजलं. मी सगळ्या जगावर रुसलो होतो.

यंदा ते नाटक पुन्हा बसवायचं ठरलं. नवी वेशभूषाकार मुलगी हुशार होती. ताईच्या जुन्या खोलीत, त्याच पुतळ्यावर चिलखत चढवून ती म्हणाली की बक्कल मागे नेऊ, पुढून साफ दिसेल. नव्या नटीचे दोन्ही हात धडधाकट होते. कात्री माझ्या टाक्यांपर्यंत आली. सल्ल्याला बोलावलेली ताई तिथेच बसली होती, आता केस सगळे पांढरे. तिने कापडाची एक पट्टी उचलली. "कात्री ठेव खाली आणि डावा हात दे इकडे," ती म्हणाली.

हात कमरेशी बांधला गेला. मुलीने चिलखत घातलं. मी कोरडा होतो, तरी ताठ होतो. खट्. तिने खाली माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुणासाठी केलं होतं हे?"

"माझ्या बहिणीसाठी," ताई म्हणाली आणि तिने मला दोनदा ओढून बघितलं.

कात्री भिंतीवर परत गेली. त्याच दुपारी मला तेल मिळालं.

मित्रांनो, चामड्याला तेल लावा, घडी घालू नका, हे तर सांगायलाच हवं. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. एखादी जुनी वस्तू वेडीवाकडी वाटली, तर ती सरळ करण्याआधी विचारा, ती कुणाच्या हातासाठी तशी केली होती. मी छातीवर तिरका आहे, सगळ्यांना दिसतो, आणि तिथेच राहणार आहे.