अर्जाच्या तळाचं बटण

ऑफिसात आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण ते दुसऱ्याच्या वेबपानाचं एचटीएमएल वहीसारखं तपासायचे. एका कंपनीसाठी नोकरीच्या अर्जाचं पान मी बनवलं होतं. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे बटण नाहीये. डिव्ह आहे."

डिव्ह म्हणजे नुसता खोका. त्याला मी सीएसएसने निळा रंग, गोल कोपरे, सावली सगळं दिलं होतं. खरं बटण घेतलं की प्रत्येक ब्राउझर आपलीच कडा आणि आपलाच फॉन्ट घुसडतो. ते निस्तरण्यात माझा अख्खा दिवस गेला होता, डोकं आधीच फिरलेलं.

"दिसतंय ना? दाबलं जातंय ना? मग झालं तर."

"माउसने. जो पान कानाने ऐकतो, कीबोर्डवर चालवतो, त्याला हे इथे आहे हेसुद्धा कळणार नाही."

"मास्तर, असे कितीसे येणारेत इथे?"

बाकीचे खिदळले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मास्तर खुर्ची जागेवर ठेवून निघून गेले.

माझ्या सख्ख्या बहिणीचे डोळे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आणि मला ती आठवलीसुद्धा नाही.

ताई शाळेत शिकवायची. डोळे गेल्यावर जो तो तिच्या हातातलं काम काढून घ्यायला लागला, त्यात मी पहिला. साधा चहा ओतू द्यायचो नाही. मग ती हट्टाने पान वाचून दाखवणाऱ्या आवाजावर कॉम्प्युटर शिकली. फोनवर लोकांना माहिती द्यायची एक नोकरी निघाली, ती तिला हवीच होती. कुठली, काय, मी विचारलंही नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मला सुट्टी होती. साडेचारला तिने हाक मारली.

"अरे, सगळं भरलं, पण पाठवायचं बटणच सापडेना. आवाज शेवटची खूण वाचतो आणि थेट ऑफिसच्या पत्त्यावर जातो."

मी स्क्रीनकडे पाहिलं. निळं, गोल कोपऱ्यांचं.

बाहेर जाऊन मास्तरांना फोन लावला. "मुदत संपेपर्यंत पानाला हात लावायचा नाही, असं त्या कंपनीने लिहून घेतलंय," ते म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सरक, मी दाबतो," मी ताईला म्हणालो.

"मग ती खूण काढावी लागेल."

'हा अर्ज मी कुणाच्याही मदतीशिवाय भरला आहे.' त्यापुढचा चौकोन. त्यात खूण नसली तर अर्ज जात नाही. तेही मीच तसं बसवलं होतं.

"ताई, एका क्लिकने काय होतंय? कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना."

मी माउस धरला तर तिने माझं मनगट धरलं. मग पाच वाजेपर्यंत ती टॅब दाबत राहिली, परत परत पहिल्यापासून. आवाज वाचत होता: नाव, वय, शिक्षण, मदतीशिवाय, पत्ता. पाचला मुदत संपल्याचं मात्र त्याने स्पष्ट वाचलं.

तिने लॅपटॉप मिटला.

"बनवणाऱ्यावर चिडू नकोस," ती म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल."

"हो," मी म्हणालो.