बसल्या जागी तीन हजार

आमच्या ह्यांनी ते घड्याळ आणलं, त्याच दिवशी मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. चप्पल तुटली तर खिळा ठोकून आणखी दोन वर्षं ओढणारा हा माणूस. तो दुकानात जातो, भाव करत नाही, काचेचा काळा चौकोन मनगटाला बांधून घरी येतो आणि जेवायच्या टेबलाशी बसून मला सांगतो की आता मी दिवसभरात किती कॅलरी जाळल्या ते हे घड्याळ सांगणार. मी म्हटलं, घरात वजनाचा काटा आहे, तो नवा खर्च न करता सांगतो. तर म्हणे, काटा नुसतं वजन सांगतो, हे मेहनत सांगतं.

माझा स्वभाव संशयी आहे असं सासरचे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. शर्टांच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या शर्टात खोट शोधायची, त्याचाच मला पगार मिळतो. घरी आले म्हणून डोळे काढून खुंटीला टांगू का?

पण ह्यांच्या वजनाची गोष्ट आमच्या घरात चेष्टेची नव्हती. चिमीचा जीव त्यात अडकला होता. चिमी म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लहानपणी एवढीशी होती म्हणून चिमी, ती चाळिशी आली तरी चिमीच राहिली. बस डेपोत माइकवरून गाड्या पुकारायचं काम करते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात मशीनला जोडून घेते आणि उरलेल्या दिवशी डेपोत जाऊन कुठली गाडी कुठल्या फलाटावर ते लोकांना सांगते. तिला किडनी द्यायची म्हणून घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि ह्यांची जुळली. त्या दिवशी हे घरी येऊन रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं झकास आहे, पण एवढ्या वजनाच्या माणसाला मी ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. बारा किलो उतरवा आणि या.

हॉस्पिटलात एक यादीही असते. मेलेल्या माणसाची किडनी मिळाली तर त्या यादीतल्या कुणालातरी बसवतात. नाव घालायचं का, असं तिथल्या बाईंनी चिमीला विचारलं होतं. चिमी म्हणाली, ज्यांना कुणी नाही त्यांची रांग आहे ती, मी कशाला मध्ये घुसू, मला दादा आहे. हे तिच्या शेजारीच उभे होते. तिने एवढं म्हटल्यावर ह्यांनी नुसती मान डोलावली.

आणि मग आलं ते घड्याळ.

हे फर्निचरला पॉलिश करतात. यंत्राचं नाही, हाताचं. आधी पॉलिश पेपरने लाकूड घासायचं, मग कापडाचा बोळा लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून गोल गोल फिरवत बसायचं, आरशासारखं चमकेपर्यंत. संध्याकाळी घरी आले की आधी घड्याळ वाचायचे. आज तीन हजार दोनशे जाळल्या, असं पुजाऱ्याने कौल सांगावा तसं सांगायचे आणि पुढे म्हणायचे, म्हणजे अजून दोन पाव बसतात. मी एक पाव वाढला की मनगट माझ्यापुढे करायचे. पावाला लोणी, वर दोन बटाटे, घड्याळाचा हुकूम. मी वाढायचे. मेहनत करणाऱ्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं?

पहिल्या महिन्यात काटा किलोभर खाली आला. मग हलेना. मग हळूच वर सरकायला लागला.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ह्यांनी तिथेही मनगट पुढे केलं. डॉक्टर काही उर्मट माणूस नाहीत. शांतपणे म्हणाले की ही घड्याळं छातीचे ठोके बऱ्यापैकी मोजतात, पण कॅलरीचा नुसता अंदाज बांधतात, आणि तो कुणाच्या बाबतीत किती चुकेल ते घड्याळालाही ठाऊक नसतं. काट्याच्या भरवशावर जेवा, घड्याळाच्या नको. ह्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, हे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत.

तेव्हा मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. पॉलिशचा नवा डबा आला की टाकाऊ फळीवर तीनदा लावून बघतात, मग टेबलाला हात घालतात. दुकानदाराचा शब्द, डब्यावरचा छाप, कशावर म्हणून विश्वास नाही. आणि मनगटावरच्या काचेचा शब्द ब्रह्मवाक्य? हे मला काही जुळेना.

मला वाटलं, हे चोरून खातात. घड्याळ म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. मग मी शोध सुरू केला. शर्टाचे खिसे हुंगले. स्कूटरची डिकी उघडून बघितली, तिथे पॉलिश पेपर आणि एक मोडकी छत्री. ह्यांच्या कारखान्यासमोर बेकरी आहे, तिथे पाव घ्यायचं निमित्त करून गेले आणि बेकरीवालीला आडून विचारलं. ती म्हणाली, तुमचे साहेब फक्त कोरा चहा घेतात, तोही बिनसाखरेचा, परवा मी आपणहून केकचा तुकडा दिला तर परत केला. असा राग आला मला. चोर सापडला नाही की तपासणाऱ्याला येतो तसा.

चिमी रविवारी यायची. तिला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, इवल्याशा कपातून घोट घोट घ्यायची आणि वर मलाच हसवायची. म्हणायची, वहिनी, दादाचं जेवण बंद कर, त्याचा वाटा मी खाते, मला नाहीतरी सगळंच वर्ज्य आहे. सुरुवातीला दर खेपेला विचारायची, किती उतरलं? हे सांगायचे, आता लागलंच मार्गी, घड्याळ बघ, रोज तीन हजाराच्या वर जातंय. मग एका रविवारी तिने विचारलंच नाही. पुढच्याही रविवारी नाही. त्याच आठवड्यात मी डेपोतून बस घेतली, तर वरच्या भोंग्यातून तिचा आवाज आला. गाडीचं नाव आणि फलाटाचा आकडा यांच्यामध्ये ती दम खायला थांबत होती.

माझ्या सुट्टीच्या दिवशी हे घड्याळ चार्जिंगला लावून विसरून कामावर गेले. मला किसायला गाजरं होती, मोठा ढीग. म्हटलं, बघू तरी ह्या शहाण्याला. ह्यांच्या डाव्या मनगटावर जुनी भाजल्याची खूण आहे, पट्टा टोचतो म्हणून हे ते उजव्या हातात बांधतात. मीही उजव्याच हातात बांधलं, खुर्चीत बसले, रेडिओ लावला आणि किसायला घेतलं. एकदाही उठले नाही. थोड्या वेळाने मनगटावर गुरगुर झाली. बघते तर काय, घड्याळ मला म्हणतंय, शाब्बास, तुम्ही छान चालताय. मी आणि चालतेय! पावलं वाढत होती, कॅलरी जळत होत्या, आणि मी आपली खुर्चीत बसून गाजरं किसतेय. मग पट्टा डाव्या हातात बांधला आणि उजव्याने किसत राहिले. आकडा तिथेच बसून राहिला.

आता सगळं लख्ख दिसलं. आमचे हे बुटक्या स्टुलावर बसून दिवसभर उजवा हात घासत असतात. ह्या बावळट घड्याळाला वाटतं, माणूस डोंगर चढतोय. बसल्या जागी तीन हजार! आणि हे बिचारे त्याच्या हिशेबाने जेवतात. चोर घड्याळ निघालं, नवरा साव. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. खिसे हुंगल्याची लाजही वाटली. गाजरं तशीच टाकली, घड्याळ मुठीत घेतलं आणि तडक ह्यांच्या कारखान्यावर गेले.

हे एका मोठ्या टेबलापाशी बसले होते. खोलीत स्पिरिटचा वास, खिडक्या उघड्या, आणि ह्यांचा हात गोल गोल चाललेला. मी धापा टाकत सगळं सांगितलं, गाजरं, उजवा हात, डावा हात. मला वाटलं, हे कपाळावर हात मारतील. पण बोळा फिरतच राहिला. पॉलिश मध्येच सोडलं तर डाग पडतो, म्हणून मी थांबले. कडेपर्यंत गेल्यावर ह्यांनी बोळा बरणीत टाकला, झाकण लावलं, आणि तरीही माझ्याकडे बघितलं नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, पहिल्याच आठवड्यात कळलं, दिवसभर ह्या स्टुलावरून उठलो नव्हतो आणि घड्याळ म्हणालं, तुम्ही तेरा किलोमीटर चाललात.

मी तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसले. मग हे बोलायला लागले, लाकडाशी बोलावं तसं, खाली बघून. डॉक्टरांनी बारा किलो म्हटलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले आणि ह्यांना आतून सुटल्यासारखं वाटलं. धडधाकट शरीर, आणि कुणीतरी ते फाडून आतला एक भाग काढून घेणार, ह्या विचाराने ह्यांना घाम फुटायचा. पण चिमीला नाही म्हणायला तोंड उघडेना. घड्याळ म्हणत होतं, हा माणूस जिवापाड मेहनत करतोय. काटा म्हणत होता, अजून वेळ आहे. दोघांच्या मध्ये हे लपून बसले होते.

"मी कुणाला नाही म्हणालो नाही," हे म्हणाले. "आणि तू खिसे तपासलेस, बेकरीत चौकशी केलीस, मला सगळं कळतं. भीती वाटते का, तेवढं नाही विचारलंस."

वर माझ्यावरच! घड्याळ हातात होतं, असं वाटलं की ते ह्यांच्या तोंडावर फेकावं. भीती वाटली यात पाप नाही. ह्यांना टेबलावर निजवायचं म्हणजे माझ्याही छातीत धस्स व्हायचं, मी काय दगडाची आहे? पण तिकडे ती पोरगी दम खात खात गाड्या पुकारतेय आणि हे लोणी लावून पाव खातायत. संशय खरा ठरला की मला एरवी बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

मी म्हटलं, फोन लावा. आत्ता. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं.

ह्यांचे हात पॉलिशने चिकट झालेले, म्हणून नंबर मीच लावला आणि आवाज मोठा केला. मागे डेपोचा गलका. हे अडखळत बोलले, पण बोलले सगळं, घड्याळ, स्टूल, भीती, काही झाकलं नाही. पलीकडे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता.

"दादा, किडनी तुझी आहे," चिमी म्हणाली. "नाही म्हणाला असतास तर मी दोन दिवस रडले असते. मग यादीत नाव घातलं असतं. ते एवढे महिने तू का घेतलेस रे?"

हे रडायला लागले. म्हणाले, आता देतो, खरंच देतो, उद्यापासून एक पावही जास्त खाणार नाही.

"आत्ता नको सांगूस. आत्ता तू बोलतोयस की तुझी लाज बोलतेय, ते मला कळायचं नाही."

मग तिने विचारलं, वहिनी आहे का तिथे? मी हो म्हटलं. उद्या सकाळी हॉस्पिटलात माझ्याबरोबर येशील का, एकटीने जायला नको वाटतंय, म्हणाली. येते म्हटलं. गाडी पुकारायची होती, तिने फोन ठेवला.

सकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलात, यादीत नावं घालायच्या खिडकीपाशी उभ्या होतो. रांग होती. चिमीच्या पायांना सूज होती, मी तिला बाकावर बसवलं आणि तिच्या जागी उभी राहिले. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने तिचं नाव घातलं, रक्ताचा गट घातला, आणि तारीख घातली त्या दिवसाची. मी विचारलं, नंबर कसा लावता? तो म्हणाला, बऱ्याच गोष्टी बघतात, पण वाट बघितली किती, ते या तारखेपासून मोजतात.

मी त्याला सांगितलं की ही कधीची मशीनवर आहे, आम्ही घरच्या माणसावर विसंबून राहिलो म्हणून नाव घालायचं राहिलं, तर मागची तारीख टाकता येईल का. खिडकीवर वाकून, अगदी हात जोडून विचारलं. आजवर कुणापुढे जोडले नव्हते.

तो चांगला माणूस होता. कागद बाजूला ठेवून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, आणि नाही म्हणाला.