चाक लोंबकळलं तेव्हा

जावईबापू आले ते मला चाकांवरून कळलं. मी एका टेम्पोखाली उताणा पडलो होतो आणि डोळ्यांसमोर एवढाली चाकं येऊन थांबली की वाटलं, कुणीतरी ट्रॅक्टरच गॅरेजात घातला. बाहेर येऊन बघतो तर त्यांची जुनी जीप. गेल्या महिन्यापर्यंत तिचा दरवाजा माझ्या कमरेला लागायचा, तो आता बरगड्यांना लागत होता.

"चार इंच उचलली, बाबा. घरच्या घरी," ते म्हणाले. चेहरा असा, जणू डोंगरच उचलून आणला.

माझ्या गॅरेजात मी कुणाची भीड ठेवत नाही. गाडीचे हाल केलेल्या माणसाला मी गाडीइतकाच खोलतो. पण जावई पडले जावई. हिने लेकीचं लग्न ठरलं तेव्हाच बजावलं होतं, "त्यांच्याशी बोलताना जिभेवर बसून बोला." सहा वर्षं मी बसलोय. पार्श्वभाग दुखायला लागलाय.

"एकदा नजर टाका, बास," ते म्हणाले. "उद्या सकाळी डोंगराच्या वाटेने खाली नदीपर्यंत जायचंय. आम्ही तिघं."

तिघं म्हणजे ते, माझी लेक आणि माझी चार वर्षांची नात. मी टॉर्च घेतला आणि जीपखाली शिरलो.

चासीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, येणारी ब्रेकची लोखंडी नळी एका लोखंडी पट्टीपाशी संपते. तिथून चाकापर्यंत रबरी नळी जाते, कारण चाक वर-खाली होतं, वळतं, आणि लोखंडाला ते नखरे सोसत नाहीत. गाडी उचलली की चासी चाकापासून लांब जाते, म्हणून ही रबरी नळी लांब लागते. जावईबापूंनी लांब नळी आणली होती, तीही चांगली. आणि मग ती प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्यांनी चासीला तीन ठिकाणी आवळली होती. शाळेत निघालेल्या पोरीची वेणी घालावी तशी. एक केस बाहेर नाही.

"छान दिसतंय ना?"

"दिसतंय," मी म्हणालो. खोटं बोललो नाही, देव साक्षी आहे. दिसतच होतं फक्त. "पण जावईबापू, ही नळी कमी पडेल हो."

"कशी पडेल? तीनदा मोजलंय मी." ते शाळेत गणित शिकवतात. "गाडी चार इंच वाढली, नळी सहा इंच वाढवली. दोन इंच शिल्लक."

"अहो, पण गाडी उभी असताना मोजलंत."

"मग काय आडवी करून मोजू?"

देवा, म्हटलं, एक तर मला शब्द दे, नाहीतर वाचा तरी काढून घे. एवढ्यात ही चहा घेऊन आली. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच तिला सगळं कळलं. "जरा गोडीने सांगा," ती कुजबुजली.

"गोडीनेच सांगतोय! पाक करून सांगतोय!"

"मग ओरडता कशाला?"

मी कप टायरवर ठेवला, जॅक आणला आणि पुढची डावी बाजू चासीखालून उचलायला घेतली. चासी वर गेली, चाक मात्र जमिनीवरच. आणखी वर. मग चाकाने जमीन सोडली आणि ते धपकन खाली लोंबलं. डोंगराच्या वाटेवर एक चाक दगडावर चढतं तेव्हा दुसरं असंच हवेत लोंबतं. नळी शेवटच्या काळ्या पट्टीपासून चाकापर्यंत ताणली गेली, तंबोऱ्याची तार पिळावी तशी. वर लोखंडी नळीपाशी 'कट्' असा बारीक आवाज झाला.

मी टॉर्च वर नेला. चासीवरची लोखंडी पट्टी वाकली होती आणि लोखंडी नळीला तिथेच मोड पडला होता.

"उद्या हा आवाज अर्ध्या उतारावर आला असता," मी म्हणालो. "मग पाय पेडलवर आणि पेडल जमिनीवर. आणि मागच्या सीटवर कोण, ते तुम्हाला माहीत आहे."

ते उकिडवे बसले, नळीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण लांबी बरोबर आहे, बाबा. अर्धी नळी पट्ट्यांनी बांधून टाकलीय. मोकळी एवढीच राहिली."

"हेच मी मघापासून सांगतोय!"

"नाही, तुम्ही नळी कमी पडेल म्हणत होता."

मी गिळलं. काय करणार? माणूस जावई, आणि वर बरोबर.

"या पट्ट्या बांधल्या कोणत्या गाढ..." ही दारातच होती. "कोणत्या सद्गृहस्थाने?"

"मीच," ते गॅरेजच्या पत्र्याकडे बघत म्हणाले. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"मी बांधल्या, बाबा." त्यांच्याबरोबर आलेली लेक आईच्या मागे उभी होती. "तुम्हीच शिकवलंत ना? लोंबतं ते अडकतं, अडकतं ते तुटतं."

दहा वर्षांची असल्यापासून ती माझ्याबरोबर गाड्यांखाली शिरायची. एखादी वायर सैल दिसली की मी हेच घोकून घ्यायचो. वायरीला ते खरं. लोखंडी नळीलाही खरं. पण जी नळी चाकाबरोबर हलायची, ती मोकळी हवी, हे सांगायचं राहून गेलं. चार इंच उचललेली गाडी माझ्या दारात कधी आली नव्हती. मघापासून मी राग कुठे ठेवावा म्हणून जागा शोधत होतो. सापडली ती माझ्याच डोक्यावर.

"अर्धं शिकवलं," मी म्हणालो.

"आणि मी पूर्ण बांधलं."

जावईबापूंना हसू आलं. मी बघितल्यावर त्यांनी ते खिशात घातलं.

"ही नळी हाताने सरळ केली तर?" त्यांनी मोडाकडे बोट दाखवलं.

"वाकलेली नळी सरळ दिसते, सरळ होत नाही. नवीन घालायची."

नवी नळी कापली, जोड घट्ट बसावा म्हणून तोंडं फुलवली, वाकलेली लोखंडी पट्टी ठोकून जागेवर बसवली. काळ्या पट्ट्या कापल्या. रबरी नळीला मोठं वळण दिलं, टायर आणि शॉकअपपासून दूर, वरच्या टोकाला एक क्लिप, खालच्या टोकाला एक, मध्ये काही नाही. "मोकळी म्हणजे मोकाट नव्हे," मी सांगितलं. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. नळी कुठे लागत नव्हती. मी हात पुसले.

"चाक वर असताना बघितलंत?" लेकीने विचारलं.

"काय?"

"खाली लोंबताना बघितलंत. दगडावर चढून वर दबल्यावर?"

चिडलो, पण दुसरा जॅक आणला. चाक खालून वर रेटलं, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. नळीचं वळण टायरच्या कडेला चाटत होतं. दोन दिवसांत ते रबर सोललं गेलं असतं. आता जावईबापू माझ्याकडे बघत होते. मी वरचं टोक सैल करून थोडं आत फिरवलं, पुन्हा आवळलं, पुन्हा बघितलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

मग नळीतली हवा काढायला लेक पेडलवर पाय ठेवून बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड. हळू! पाय आहे का धोंडा?"

"तुमचाच वारसा."

सात-आठ वेळा झाल्यावर बुडबुडे थांबले आणि पेडल दगडासारखं कडक झालं. जावईबापूंनी निःश्वास टाकला. "झालं म्हणजे. उद्या सहाला निघू."

मी त्यांच्याकडे बघितलं. उजवं चाक तसंच, तशाच तीन पट्ट्या. मागच्या अ‍ॅक्सलची नळी तर अजून कुणी बघितलीच नव्हती. आणि हे उद्या सहाला निघणार.

मी जीपच्या उजव्या बाजूला जाऊन आडवा झालो. ते टॉर्च घेऊन आले आणि उजेड थेट माझ्या डोळ्यांत.

"अरे, नळीवर धर! माझं तोंड बघायला आलास का?"

हिने कपाळाला हात लावला. मी डोळे मिटून पडून राहिलो. सहा वर्षांची तपश्चर्या गेली.

उजेड सरकला. जावई माझ्या शेजारी फरशीवर उताणे झाले, चांगल्या शर्टासकट.

"इथे, बाबा?"

"थोडा वर. हां. आता सांग, ही कुठे कुठे बांधलीय?"

"तीन ठिकाणी."

"कात्री दे."