सुभद्राबाईचं खोडलेलं पत्र

हे लिहायचंच नाही असं लखनने ठरवलं होतं. दोनदा कागद टाइपरायटरमध्ये घातला, दोनदा काढला. आपलीच चूक आपल्याच बोटांनी टाइप करायची, कुणाला हौस असते?

सुरतेतल्या प्लेगनंतरच्या वैशाखातली गोष्ट. उधन्याच्या बंगाली मंडळींनी त्यांच्या मोठ्या कवीच्या जयंतीला चित्रांचं प्रदर्शन ठेवलं होतं. ते कवी म्हणे शब्द खोडताना रेघेला रेघ जोडत जायचे, आणि त्यातून कुठे चोच निघायची, कुठे शेपूट. म्हणून आत्ताच्या चित्रकारांनी आपलं एकेक खोडलेलं पान आणायचं, एवढीच अट. बडोद्याचे शिकलेले लोक येणार होते, पण गावातल्या कुणीही आणलं तरी चालेल असं पत्रकात छापलं होतं.

पत्रक लखननेच हिलालला नेऊन दिलं. लखन पर्वत पाटिया भागात साड्यांच्या डिझाइनच्या दुकानात ट्रेसिंग करायचा. नववी नापास, चित्रं बघून बघून शिकलेला. हिलाल मूळचा खानदेशातला, लिंबायत वस्तीत त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचा, कापडाच्या लूमवर कामाला. आणि हिलालकडे तसं पान आहे, हे लखनला ठाऊक होतं.

ते पान म्हणजे एक पत्र होतं. प्लेग आला तेव्हा निम्मं लिंबायत गावाकडे पळालं. हिलालही आईला, सुभद्राबाईला, घेऊन मामाच्या गावी गेला. काशिनाथमामाने दार उघडलं नाही. खिडकीतूनच म्हणाला, गोठ्यात झोपा, सकाळी बघू. सकाळी मायलेक परत फिरले. सुरत थंड झाल्यावर सुभद्राबाई भावाला पत्र सांगायला बसली. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, हिलाल लिहायचा.

“मना राग गया, असं लिख.” मग जरा थांबून, “नही, खोड. थोडा गया, असं लिख.”

असं महिनाभर चाललं. पान एकच. माय विचार करत बसायची तोवर हिलालचा पेन खोडलेल्या रेघेच्या टोकापासून पुढे फिरत राहायचा. तिथे बगळे बसले. एक म्हैस बसली. गोठ्याची दावण आली. पत्र काही पुरं झालं नाही. फाल्गुनात माय गेली.

हिलालने पान लखनच्या हातात दिलं आणि सांगितलं, पुठ्ठ्यावर चिकटव, बाकी काही करू नको. बारा तासांची पाळी असायची त्याची, त्याला वेळ कुठला.

दोन दिवस ते पान लखनच्या टेबलावर होतं. त्याने ते वरून खाली वाचलं, खोडलेलं उजेडासमोर धरूनही वाचलं. मग त्याला लाज वाटायला लागली. पानावर लूमच्या तेलाचा डाग होता, कोपऱ्यात चहाचं वर्तुळ. बडोद्याच्या लोकांशेजारी हे लावायचं? दुकानाचे शेठ बन्सीलाल यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाचा कागद आहे तसा कधी उतरवायचा नाही. चांगला बुट्टा ब्लेडने कापून घ्यायचा, कोऱ्या कागदावर मांडायचा, उरलेलं टाकून द्यायचं. आठ वर्षं त्याचा हात तेच करत होता. तेव्हाही त्याने तेच केलं. एकेक बगळा सुटा केला, म्हैस सुटी केली, पांढऱ्याशुभ्र कार्डावर एकाआड एक अशी मांडली की जोड दिसू नये. उरलेल्या चिंध्या टोपलीत गेल्या. टोपलीतला कचरा सकाळी मागच्या गल्लीत पेटवतात.

त्याला वाटलं, आपण हिलालची इज्जत राखली.

रविवारी हिलाल पाळीवरून सरळ हॉलवर आला, केसात कापसाचं भुसकट. कार्डासमोर उभा राहिला. बगळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. बगळ्यांमधल्या पांढऱ्या जागेकडे पाहत होता.

“लिखेल कोठे शे?” त्याने विचारलं.

लखन अजून हसत होता. म्हणाला, ते काढलं, साफ केलं. मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं, कारण शेजारच्या भिंतीवर कुणाचा डागाळलेला अर्ज होता, कुणाची वाण्याची यादी, सगळं खोडलेल्यासकट. अटच ती होती, आणि पत्रक त्यानेच वाचून दाखवलं होतं.

बडोद्याची एक चित्रकार बाई कार्डापाशी थांबली. हिंदीत म्हणाली, हात फार साफ आहे, पण खोडलेले शब्द कुठे गेले? हे कुणाचं?

लखन कार्डाचा कोपरा सरळ करत राहिला.

“मेरा है,” हिलाल म्हणाला. “मैंने ही साफ किया.”

परत येताना दोघं चालतच निघाले. हिलालने एक शिवी दिली असती तरी लखनला बरं वाटलं असतं. ती त्याने दिली नाही. नाल्याच्या पुलावर आल्यावर मात्र थांबला. म्हणाला, मायचं शेवटचं म्हणणं काय होतं ते पाठ आहे. पण मधे ती काय काय बोलली आणि काय काय मागे घेतलं, ते ध्यानात ठेवलंच नाही, पान होतं ना म्हणून.

“ती ज्याला नही, खोड म्हणे ना, भो, तीच मनी माय.”

लखन पुलाच्या कठड्याला धरून उभा होता. ते खोडलेले शब्द आता जगात फक्त त्याच्या डोक्यात होते, तेही निम्मेशिम्मे. हे त्याने हिलालला सांगितलं.

“तू पुन्हा साफ, फेअर करशील,” हिलाल म्हणाला.

“नही करणार. आठवेल तसं लिहीन. चुकलं तर खोडीन, पण खोडलेलं दिसू देईन. आणि तू म्हणशील त्या दिवशी सोबत येईन. काशिनाथमामाच्या दारात उभा राहून मीच वाचीन, खोडलेलंसुद्धा.”