तळाला धरलेली करी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. काळीकुट्ट, जड आणि एका कानाने किंचित वाकडी. मला बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले, पण माझ्यातलं जेवून बोटं चाटणारे त्याहून जास्त होते. म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही.

लोहाराने मला ठोकून घडवलं आणि बाजारात उलटं टांगलं. तिथून मला एका तरुण आचाऱ्याने उचललं. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याने नवंच हॉटेल काढलं होतं. पुढे गिऱ्हाइकं त्याला 'उस्ताद' म्हणू लागली. भल्यामोठ्या पातेल्यात कांद्याची ग्रेव्ही सकाळीच तयार असायची. ऑर्डर आली की गॅस मोठा, माझ्यात तेल, मसाला, डावभर ग्रेव्ही आणि बघता बघता करी तयार! माझ्या अंगाची लाही व्हायची, पण खरं सांगते, त्या धावपळीत मी फार सुखात होते.

मग उस्तादांचे गुडघे कुरकुरू लागले आणि हॉटेल बंद झालं. सगळी भांडी विकली गेली, मला मात्र ते घरी घेऊन आले. त्यांच्या लेकीने मला स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवलं. तिच्याकडे नॉनस्टिक पॅन होता ना! मला त्याचा हेवा वाटायचा, कशाला लपवू?

घरी बसल्यापासून उस्तादांचं जेवणच तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. सदरे अंगावर ढगळ होऊ लागले. लेक काळजीने अर्धी झाली. हॉटेलची करी समोर आली तर बाबा जेवतील, असं तिच्या मनाने घेतलं. पण हॉटेलचा विषय निघाला की ते गप्प होत, म्हणून तिने त्यांना न विचारता मोबाइलला विचारलं. 'हॉटेलसारखी करी घरच्या घरी' सांगणारे तिथे ढिगाने होते. कुणी काजू घालायला सांगे, कुणी साय. मंद आचेवर ती बिचारी ढवळत राही. दर वेळी उस्ताद म्हणत, "छान झालीये गं," आणि ताट सरकवत. मी माळ्यावरून बघत होते आणि माझा जीव तुटत होता.

एका रविवारी पॅनचा लेप सुटला आणि मला खाली उतरवलं गेलं. मी तापले, करी रटरटू लागली, तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडे मावशी होती, म्हणजे फोन लवकर संपणं शक्यच नव्हतं. इकडे ग्रेव्ही माझ्या कडांना आणि तळाला धरली.

"अगं बाई, लागली की!" लेक धावत आली आणि मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाली.

"थांब, टाकू नकोस!" वासाने उठून आलेले उस्ताद दारात उभे होते.

"करपलीये, बाबा."

"करपली नाही, धरलीये. सरक बघू."

त्यांनी मला पुन्हा शेगडीवर ठेवलं, गॅस मोठा केला, गरम पाण्याचा हबका मारला आणि उलथन्याने माझ्या कडा खरवडल्या. "अशी धरू द्यायची आणि खरवडून आत घ्यायची. चव तिथेच असते."

"पण व्हिडिओतला म्हणतो, सारखं ढवळत राहा."

"त्याच्या डोक्यावर गिऱ्हाईक बसलेलं नसतं!"

लेक खुदकन हसली. उस्तादांनी चमचाभर चाखून बघितली. "हॉटेलसारखी नाही झाली."

तिचा चेहरा पडला.

"घरच्या गॅसला तेवढी आच कुठली? पण भूक लागलीये. वाढ."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. लेक डोळे पुसत वाढत होती. मला इतकं बरं तर हॉटेलातही कधी वाटलं नव्हतं. आता उस्ताद माझ्याशेजारी स्टूल टाकून बसतात आणि लेकीला भरपूर बोलणी ऐकवतात. तिला ती गोड लागतात.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं एखादं भांडं गंजत पडलं असेल. ते खाली काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि ते ज्याच्या हातातलं आहे, त्याला गॅसपाशी हाक मारा. तो घरात आहे, तोवरच.