लोहासुरांची खंडेनवमी

दार वाजलं तसा चारुलतानं समोरच्या चित्रावर पोळपाट पालथा घातला. दार वाजवण्याची ती तऱ्हा तिच्या ओळखीची होती. समोरच्या घरातले दौलतराव कडी वाजवत नसत, बडवत. गेले दोन महिने मात्र त्यांनी या कडीला हात लावला नव्हता.

कंपनीत टाळेबंदी झाल्यापासून दौलतराव इतर कामगारांबरोबर गेटबाहेरच्या मांडवात बसत. चारुलताचा नवरा मधुसूदन ऑफिसातला, त्यामुळे त्याच गेटातून तो मान खाली घालून आत जाई. संत तुकाराम नगरात एकाच मजल्यावर राहणारी ही दोन माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. दौलतरावांच्या कुसुमताई आणि चारुलता तेवढ्या विरजणाची वाटी इकडून तिकडे नेत राहिल्या. आता तीही वाटी बंद होणार, या धास्तीनं चारुलता सकाळपासून अर्धमेली झाली होती.

घात केला होता तिच्या चित्रमालिकेनं. मुलांच्या एका मासिकात ती 'लोहासुरांची लढाई' काढत असे. यंत्रमानवांच्या दोन फौजा आणि दर महिन्याला नवा हल्ला. या अंकात गेट फोडणारा काळा लोहासुर डावा पाय ओढत चालला होता, अगदी दौलतरावांसारखा. तिनं मुद्दाम केलं नव्हतं, पण छापून आल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि सकाळीच कुसुमताई मुलांसाठी अंक घेऊन गेल्या होत्या.

तिनं दार उघडलं. दौलतरावांच्या एका हातात तो अंक होता, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं. आतल्या खोलीत मधुसूदनची खुर्ची करकरली.

"वहिनी, हे तुमीच काढता न्हवं?"

"हो. भाऊजी, तो पाय... खरंच चुकून झालं हो."

"पायाचं ऱ्हाऊ द्या. पोरं सकाळधरनं घरभर लंगडत फिरत्यात." त्यांनी अंक उघडून बोट ठेवलं. "चूक हितं हाय. वर लिवलंय, खंडेनवमीची सकाळ. आन् खाली यंत्रं लढत्यात! त्या दिशी यंत्र चालवत न्हाईत, वहिनी. पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं. मालकाच्या बापालाबी बटन दाबू देत न्हाई आमी."

चारुलताचा जीव भांड्यात पडला. दाराला टेकून ती हसतच सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. संपादकांना सणाचं काहीतरी हवं होतं, म्हणून तिनं बसल्या बसल्या ती ओळ टाकली होती.

"पुढच्या अंकात दोन्ही फौजांना हार घालते," ती म्हणाली.

"घाला." तरी दौलतराव हलेनात. पुडक्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "आमच्या घरी झेंडूचा हार झालाय. दरसालचा. उद्या खंडेनवमी, आन् माझं लेथ मशीन पडलंय आत. ते कदी बिनहाराचं ऱ्हायलं न्हाई. म्हनलं, तुमच्या चित्रात तरी..."

मधुसूदन दाराशी येऊन उभा होता.

"खिडकीजवळचं ना? हिरवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आणा इकडे. डब्याच्या पिशवीत मावेल."

"अहो, गेटवर पिशव्या बघतात," चारुलता पुटपुटली.

"बघू देत. झेंडूच आहे."

दौलतरावांनी पुडकं त्याच्या हातात दिलं, पण बोटं लगेच सोडवली नाहीत. "आधी फडक्यानं पुसा, साहेब. मग कुंकू. आन् बटनाला..."

"हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलता चित्र पुरं करायला खिडकीत बसली. खाली मधुसूदन पिशवी छातीशी धरून निघाला होता, शेजारी दौलतराव होते. ते काहीतरी समजावून सांगत डावा पाय ओढत चालले होते. मधुसूदनला एरवी कंपनीत पोचायची कोण घाई. आज तो त्यांच्या पावलानं चालला होता.